सवय नाही की जमत नाही?

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली की वेंगुर्ल्या-मालवणच्या खळ्यांत हा प्रश्न हमखास निघतो. चुलत भावंडं लंगडी घालतायत आणि चार वर्षांचा पाहुणा पडवीचा खांब सोडत नाही. "झिलाचे पाय कच्चे आसत काय?" आजी विचारते. पाय कच्चे असणं आणि पायांना संधीच न मिळणं बाहेरून सारखंच दिसतं. पण एकात डॉक्टर लागतात, दुसऱ्यात खेळगडी.

चौथ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं एका पायावर उडी मारतात. मात्र वय झालं म्हणून कौशल्य आपसूक येत नाही. मूल बघून शिकतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या पोराला बघून त्याला जास्त हुरूप येतो. घरात एकटं असलेलं, सारखं "पडशील!" ऐकणारं, भरवून घेणारं मूल मागे राहिलं तर नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली. बंद दाराआड ती व्हायची कशी? हे शहरापुरतंच नाही. दिवसभर वाळूत धावणाऱ्या मुलाच्या हातात कात्री कधी दिलीच नसेल, तर कागद कापताना तेही अडखळतं. अबोलीचा वळेसर (गजरा) करायला मुलीलाच बसवायचं आणि चेंडू मुलाच्याच हाती द्यायचा, हे मला फार खटकतं. दोघांचंही त्यात नुकसान आहे.

फरक कळतो तो संधी दिल्यावर. सवय नसलेलं मूल आधी नुसतं बघत बसतं. मग जांभ्याच्या पायऱ्या बसत-सरकत उतरतं, पुढे भिंतीला हात लावून, आणि एक दिवस भावंडांमागे धावताना भिंत विसरतं. वेग कमी असेल, पण पाऊल पुढे पडत असतं.

अडचण खरी असेल तर महिनोन्‌महिने खेळूनही मूल तिथंच अडतं. हालचालींच्या समन्वयाच्या, म्हणजे हातापायांचा ताळमेळ न जमण्याच्या अशा अडचणी शाळकरी मुलांत सुमारे ५ ते ६ टक्के आढळतात, आणि पाच वर्षांच्या आत सहसा त्यांचं पक्कं निदान करत नाहीत. काही खुणांना मात्र थांबायला सवड नाही: आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, शरीराची एकच बाजू वापरणं, जमिनीवरून उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकत वर येणं. ही शेवटची खूण घरच्यांना आळस वाटते. ती स्नायूंच्या दुबळेपणाची असू शकते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला अंगणवाडीत येतं. तातडीची खूण नसेल, तर ते कधी येणार हे सेविकेला विचारून ठेवा. तपासणीच्या वेळी मूल काय करत नाही एवढंच सांगू नका. ते कोणाबरोबर खेळतं आणि घरी त्याला काय काय करू देता, हेही सांगा.