कांस्यवर्ण

कांस्यवर्ण म्हणजे काशाचा रंग: तांबूस तपकिरी, त्यात पिवळसर झाक आणि धातूची चकाकी. संगणकावर तो लाल २०५, हिरवा १२७ आणि निळा ५० अशा मिश्रणाने दाखवतात. पण पडद्यावर तो सपाट वाटतो, कारण काशाच्या रंगाचा निम्मा जीव त्यावर पडणाऱ्या उजेडात असतो.

कासे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. कथील १० टक्क्यांच्या आसपास असले की रंग तांबूस सोनेरी राहतो. घंटेच्या काशात ते २० टक्क्यांच्या वर जाते आणि रंग फिकट पिवळट होतो. हवेने पृष्ठभाग काळवंडतो, पुढे पाऊसपाण्याने हिरवट कळा चढते. पुतळे ओतणारे कारागीर त्यासाठी थांबत नाहीत. ओतलेली मूर्ती तापवून तिच्यावर रसायनाचा हात देतात आणि हवा तसा तपकिरी रंग आला की वर मेण घासतात. घरातल्या काशाच्या वाटीचे तंत्र उलटे: तूप किंवा खोबरेल लावून तळपाय घासावा, तसे वाटीचे बूड उजळते आणि तळवा काळा पडतो.

कोल्हापुरात या धातूचा वारसा जुना आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात काशाच्या वस्तूंचा ठेवा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती होती. सातवाहनकाळातल्या रोमन व्यापाराची ती खूण मानतात. ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे.

लेखनात हा रंग प्रथम शस्त्राचा आणि कठोरपणाचा. प्राचीन ग्रीक कवी होमर आकाशालाही काशाचे म्हणतो. हेसिओड या दुसऱ्या ग्रीक कवीच्या युगकल्पनेत सोने आणि चांदीनंतर येणारी काशाची पिढी युद्धखोर आहे. इंग्रजी लेखनात तो उन्हाने रापलेल्या कातडीला लावतात. मराठीत त्या जागी रापलेला, तांबूस, गव्हाळ हे शब्द सहज येतात, आणि ‘कांस्यमूर्तीसारखे शरीर’ हे वर्णन पैलवानाच्या वाट्याला हमखास येते. ते स्थिर उभ्या देहाला शोभते. तालमीच्या हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद घालून मळलेली असते. ती अंगाला लागून घामाने ओघळते, तेव्हा रंग क्षणाक्षणाला बदलतो. तिथे मूर्तीची उपमा तोकडी पडते, मातीचेच नाव घ्यावे.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकपासून कांस्य हा तिसऱ्या क्रमांकाचा रंग ठरला. मराठी बातम्यांत ‘कांस्यपदकावर समाधान’ हा शब्दप्रयोग रुळला आहे. कोल्हापूरच्या बाबतीत तो अन्याय करणारा आहे. खाशाबा जाधव मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले राजाराम कॉलेजात आणि घडले इथल्या तालमीत. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट या हलक्या वजनगटाच्या कुस्तीत कांस्य जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इथल्या कुस्तीप्रेमींच्या बोलण्यात त्याला तिसरा नंबर कुणी म्हणत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) या प्रकारात कांस्य मिळवले. त्या प्रकारातले भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक.