झोपेत वळणारे केस: आचेविना कर्लची पार्श्वभूमी

रात्री ओलसर केस कशाभोवती तरी गुंडाळायचे, झोपायचं आणि सकाळी सोडायचे. पद्धत एवढीच. आज तिला ‘हीटलेस कर्ल’ म्हणतात, त्यामुळे ती काल-परवा निघाली असावी असं वाटतं. नवं आहे ते फक्त नाव. विजेवर तापणारी कर्लिंग रॉड आणि स्ट्रेटनर घरोघरी पोचले, रोजच्या वापरानं केस रखरखीत होऊन टोकांना फाटे फुटू लागले, तेव्हा कुठे ‘आच न लावता’ असं वेगळं सांगावं लागलं. त्याआधी कित्येक पिढ्या घरात केस वळवायचे ते असेच, आणि त्याला वेगळं नाव द्यायची गरज कुणाला पडली नव्हती.

आचेचा वापरही जुनाच आहे. प्राचीन रोममध्ये ‘कॅलॅमिस्ट्रम’ नावाची धातूची कांडी निखाऱ्यात तापवून केस वळवत. पहिल्या शतकाच्या अखेरचे, फ्लेव्हियन सम्राटांच्या काळातले स्त्रियांचे पुतळे पाहिले, तर कपाळावर कुरळ्या बटांची अक्षरशः भिंत रचलेली दिसते. कांडी तापवायला गुलाम असत आणि लॅटिनमध्ये त्यांचं नावच राखेवरून पडलं होतं. तापवणारा, कांडी धरणारा, मान वळवून मागची बट पाहणारा असा दुसरा माणूस हाताशी असेल तरच हे काम नीट होई. एकटीनं आपल्याच डोक्यामागे निखाऱ्यातून काढलेलं लोखंड धरणं म्हणजे जिवावरचा खेळ. रात्रीच्या पद्धतीला मात्र दुसरं कुणी लागत नाही.

ती चालते कशी, हे आधी पाहिलं तर पुढचा इतिहास सोपा जातो. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधणारे बंध एकाच ताकदीचे नसतात. हायड्रोजन बंध संख्येनं भरपूर पण कमजोर, पाणी लागलं की सुटणारे. डायसल्फाइड बंध गंधकाचे, पक्के, पाण्याला दाद न देणारे. केस भिजला की पहिले बंध सैल होतात आणि केस इतका लवचीक होतो की आपल्या लांबीच्या सुमारे ३० टक्के ताणला जाऊ शकतो. वाळताना तेच बंध पुन्हा जुळतात, पण त्या वेळी केस ज्या आकारात असेल त्या आकारात. तापलेली रॉडही मुख्यतः याच बंधांवर काम करते. ती काही सेकंदांत जे उरकते, त्याला पाणी आणि हवा सात-आठ तास घेतात. १९३०च्या दशकात लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी यांनी लोकर आणि केसांवर क्ष-किरण सोडून ताणलेल्या आणि न ताणलेल्या केराटिनची रचना वेगवेगळी असते हे दाखवलं. तोवर घरोघरच्या बायका ही गोष्ट नुसत्या हातानं ओळखून वापरत आल्या होत्या.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. केसांचं अगदी उलट आहे. रात्रभर राखलेला पीळ पाण्याच्या एका हबक्यानं जातो, नुसत्या दमट हवेनंही ढिला पडतो. या पद्धतीच्या इतिहासातली निम्मी धडपड हा पीळ दुपारपर्यंत टिकवायची आहे.

अठराव्या शतकातल्या युरोपात टोपांची, म्हणजे विगांची चलती होती, तेव्हा हा प्रश्न सोपा होता. टोपाचे केस डोक्यावर नसतात, त्यांच्याशी हवं ते करता येतं. कारागीर ते भाजलेल्या मातीच्या छोट्या, मध्ये बारीक असलेल्या गुंडाळ्यांवर घट्ट वळत, पाण्यात उकळत, वाळवत आणि मग कणकेच्या आवरणात घालून भट्टीत भाजत. इतकं केल्यावर पीळ पक्का बसे. या गुंडाळ्या आजही जुन्या वस्त्यांच्या उत्खननात सापडतात. जिवंत डोक्यावर ना उकळता येतं ना भाजता येतं, म्हणून तिथे आला कागद. बट गोल गुंडाळायची, त्रिकोणी कागदात मिटायची आणि तापवलेल्या सपाट चिमट्यानं कागदावरून दाबायची. फ्रेंचमध्ये अशा पुडीला ‘पापियोत’ म्हणत. चिमटा वापरायचा नसेल तर पुडी बांधून तशीच झोपायचं.

१७९५ मध्ये ब्रिटनने केसांना लावायच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला. पावडर आणि टोप आधीच मागे पडू लागले होते, करानं त्यांना आणखी रेटा दिला. स्वतःचे केस, चेहऱ्याभोवती थोड्या कुरळ्या बटा आणि मागे अंबाडा अशी केशरचना रुळत गेली. लेखिका जेन ऑस्टिन हिनं डिसेंबर १७९८ मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात आपल्या केसांचा हिशोब सांगितला आहे. लांब केस वेणी घालून टोपीखाली दडवलेले असतात आणि पुढचे आखूड केस आपसूक वळतात, म्हणून त्यांना कागद बांधावे लागत नाहीत. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. कागद बांधणं इतकं नेहमीचं होतं की ते टळलं याचा आनंद बहिणीला कळवावासा वाटला. पुरुषही यातून सुटले नव्हते. ब्रिटिश सैन्यातले कॅप्टन ग्रोनो यांच्या आठवणींत किस्सा आहे की कवी बायरनचा एक मित्र त्याच्या खोलीत शिरला, तर बायरन केसांत कागद बांधून झोपलेला. त्याच्या त्या प्रसिद्ध कुरळ्या केसांचं हे गुपित फुटू नये म्हणून त्यानं मित्राला गयावया केली म्हणे. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही, पण ऐकणाऱ्यांना तो पटला, कारण कागद सगळ्यांच्या ओळखीचे होते.

एकोणिसाव्या शतकात लहान मुलींच्या लांब सर्पिल बटांसाठी चिंधी पुढे आली. कागद फाटतो आणि उशीवर कुरकुरतो. मऊ सुती चिंधी फाटत नाही, ओल शोषते आणि तिची गाठ तिच्यातच बसते. जुन्या चादरीच्या दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या फाडायच्या. ओलसर बट विंचरून तिचं टोक पट्टीच्या मधोमध ठेवायचं, टोक आत दुमडून गुंडाळत मुळापर्यंत यायचं आणि पट्टीची दोन टोकं एकमेकांत बांधायची. टोक आत नीट गेलं नाही, तर सकाळी बटेच्या शेवटी मासे पकडायच्या गळासारखा एक आकडा उरतो आणि तो कशानंच जात नाही. लांब सर्पिल हवा असेल तर पट्टी सरळ खाली सोडून बट तिच्याभोवती फिरवत न्यायची. डोकंभर अशा वीस-पंचवीस गाठी, आणि त्यांवर झोप.

मूकपटांची तारका मेरी पिकफर्ड हिच्या अशाच लांब बटा जगभर माहीत होत्या. १९२८ मध्ये तिनं त्या कापल्या तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. तोवर बॉबकटची लाट येऊन बरीच वर्षं झाली होती. आखूड केसांना चिंधी नीट बसत नाही, म्हणून पिन कर्ल आले: ओली बट बोटाभोवती फिरवून नाण्याएवढं चपटं कडं करायचं, ते डोक्याला टेकवायचं आणि दोन पिना फुलीसारख्या खोचायच्या. इंग्रजीत या पिनेला बॉबवरूनच ‘बॉबी पिन’ म्हणू लागले. कडं कोणत्या दिशेनं फिरवलं यावर लाट कुठे वळणार हे ठरतं. एक ओळ उजवीकडे, खालची डावीकडे, असं केलं की सकाळी ब्रश फिरवल्यावर सलग लहर उमटते. घरगुती पद्धतींमध्ये इतकं बारीक नियंत्रण देणारी दुसरी पद्धत नाही, असं माझं ठाम मत आहे.

याच सुमारास दुसऱ्या टोकाला कायमच्या कुरळ्यांचा शोध चालला होता. कार्ल नेसलर यांनी १९०६ मध्ये लंडनमध्ये आपलं पर्म यंत्र लोकांपुढे आणलं. पितळी रोलर, क्षार आणि तीव्र उष्णता, तासन्‌तास बसणं. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांच्या पत्नी काथारिना यांचे केस जळाले होते. १९३८ मध्ये अर्नोल्ड विलॅट यांनी ‘कोल्ड वेव्ह’ आणली. तिला यंत्र नको, आच नको, पण रसायनानं डायसल्फाइड बंध तोडून नव्यानं जोडायचे. आच नसली तरी ती रात्रीच्या पद्धतीची सख्खी बहीण नव्हे. पक्के बंध तुटले की केसाची किंमत मोजावीच लागते. चिंधीची चूक एका अंघोळीत धुऊन जाते, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत आल्या. मोकळे लांब केस यंत्रात अडकण्याचा धोका होता. अभिनेत्री व्हेरोनिका लेक हिची एका डोळ्यावर उतरणारी लाट तरुणी उचलत होत्या, म्हणून सरकारच्या विनंतीवरून तिनं केस बांधून दाखवले. डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ हा सुरक्षेचा भाग झाला आणि त्याखाली पिन कर्लही लपले. कारखान्यातलं काम चालू असताना केस वळत, संध्याकाळी पिना निघत. म्हणजे या पद्धतीला रात्रच लागते असं नाही. केसांना कुणी हात लावणार नाही असे सलग तास लागतात. ते हक्कानं मिळतात रात्री, एवढंच. पीळ टिकावा म्हणून साखरेचं पाणी, बिअर, जवसाचा उकळून काढलेला चीक अशा गोष्टी वापरल्या जात. तिन्हींचं काम एकच: केसावर पातळ थर वाळवून हवेतली ओल थोडा वेळ रोखून धरायची.

पन्नास-साठच्या दशकांत रोलर आले. मोठ्या फुगवलेल्या केशरचनेसाठी अमेरिकेत फळांच्या रसाचे रिकामे डबेसुद्धा डोक्यावर चढले. काटेरी ब्रशच्या रोलरवर डोकं टेकून झोपणं ही शिक्षाच होती, स्पंजच्या रोलरनं ती हलकी केली. पुढे विजेची साधनं स्वस्त झाली आणि सकाळची दहा मिनिटं रात्रीच्या आठ तासांवर मात करून गेली. काही साधनं २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. ओल्या केसाला अशी आच लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे उरतात. तिथेच तो तुटतो.

एका परंपरेत मात्र रात्रीची पद्धत कधी थांबलीच नाही. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी घट्ट वळणाच्या केसांना वेण्या, दुहेरी पीळ, छोटे अंबाडे घालून रात्रभर आकार देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली. नैसर्गिक केस न बदलता ठेवण्याची चळवळ २०००च्या दशकात जोरात आली, तेव्हा हे ज्ञान सगळ्यांना दिसू लागलं. घर्षण टाळायला सॅटिनची टोपी, पूर्ण वाळल्याशिवाय न सोडणं, बोटांना तेलाचा थेंब लावून बटा अलगद वेगळ्या करणं. आजच्या सल्ल्यांत हेच सगळं नवं म्हणून सांगितलं जातं आणि श्रेय क्वचित दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

२०२०-२१ मध्ये सलून बंद होते, लोक घरात होते, आणि अंघोळीनंतरच्या झग्याचा कापडी पट्टा कामाला आला. पट्टा डोक्यावरून आडवा टाकायचा, कपाळापासून दोन्ही बाजूंना थोडे थोडे केस घेत त्याभोवती गुंडाळत खाली यायचं आणि टोकाला रबर लावायचं. त्याआधी लोक सॉक्स वापरत. नंतर सॅटिनमध्ये मढवलेल्या स्पंजच्या लांब कांड्या विकायला आल्या. गुंडाळ्या वीसच्या जागी दोन झाल्या, म्हणून कर्लही बदलला. चिंधीचा सुटा, उभा सर्पिल गेला आणि रुंद, सैल लाट आली. भार कानांच्या बाजूला गेला, त्यामुळे पाठीवर झोपता येऊ लागलं.

जुन्या अडचणी मात्र तशाच आहेत. मी सुरुवातीला धुतल्या धुतल्या केस गुंडाळून झोपायचे. सकाळी वरचा थर कोरडा लागायचा, आतली बट गार आणि दमट. सोडलं की तासाभरात सगळं सरळ. ओला केस लवचीक असला तरी नाजूकही असतो, म्हणून आता आधी बराचसा वाळू देते, हाताला जेमतेम ओल लागेल इतकाच ठेवते. पट्टा ओढून बांधत नाही. सतत ताण पडला की मुळं हरतात. घट्ट बांधलेल्या केसांमुळे कपाळाच्या कडेनं पडणारं टक्कल १९०७ मध्येच ग्रीनलंडच्या स्त्रियांमध्ये नोंदलं गेलं होतं. सकाळी आधी एकच बट सोडून पाहते. ती आतपर्यंत कोरडी असेल तर बाकीच्या सोडते, नाहीतर चहा होईपर्यंत पट्टा डोक्यावर तसाच राहतो.