मिरजेचा तंबोरा

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे भोपळा, तूनाचे लाकूड आणि हाडाची किंवा शिसवी घोडी (तारा जिच्या माथ्यावरून जातात तो आधार) यांपासून बनवला जाणारा, आधारस्वर देणारा चार तारांचा वाद्यप्रकार. काही वाद्यांना पाच किंवा सहा ताराही असतात. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंदुस्थानी गायकांत मिरजेच्या वाद्याला जो मान आहे त्याचे कारण मुख्यतः जवारीत, म्हणजे घोडीचा माथा घासून साधलेल्या गुंजनयुक्त नादात, शोधावे लागते. म्हणून या नोंदीत तिचे विवेचन अधिक केले आहे.

वाद्याचे मूळ : तंबोऱ्याचा संबंध परंपरेने तुंबरू गंधर्वाशी जोडला जातो. फारसी तंबूर या लांब दांडीच्या वाद्यापासून तो आला, असे मानणारा दुसरा पक्ष आहे. प्राचीन शिल्पांत आजच्या तंबोऱ्याशी जुळणारे, केवळ आधारस्वरासाठी छेडले जाणारे वाद्य दिसत नाही. तशी चित्रे साधारणतः मोगल काळापासून आढळतात. सतराव्या शतकातील अहोबलाच्या संगीत पारिजात या ग्रंथात निबद्ध व अनिबद्ध, म्हणजे पडदे असलेला व नसलेला, असे दोन प्रकार येतात. बाहेरून आलेली लांब दांडी आणि येथील वीणेचा भोपळा व रुंद घोडी यांच्या मेळातून हे वाद्य घडले, हा मधला पक्ष उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळतो. विशेषतः रुंद, वक्र माथ्याची घोडी ही वीणावर्गाची खूण आहे.

मिरजेतील उगम : हा व्यवसाय मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला असावा. सामान्यतः 1850 च्या सुमाराचा काळ दिला जातो, पण तो कौटुंबिक परंपरेवर आधारलेला असल्याने स्थूल मानावा. आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेब यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणाऱ्या समाजातील होते. संस्थानी फौजांचे महत्त्व ओसरल्यावर शस्त्रांचे काम घटले आणि हे हात वाद्यांकडे वळले, अशी उपपत्ती दिली जाते. उत्तरेकडून आलेल्या गवयांच्या वाद्यांच्या दुरुस्तीतून निर्मितीला आरंभ झाला, असेही सांगतात. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. धातूला कानस लावण्याची सवय असलेला हात जवारीच्या कामास सहज बसतो, हे मात्र दोन्हींत ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे या घराण्यांना ‘सतारमेकर’ हेच आडनाव पडले.

पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेस गवयांचा राबता वाढला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) येथे शिकवत असत आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे येथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले. स्वतः तंबोऱ्याची जवारी लावण्यात ते निष्णात होते आणि मिरजेच्या कारागिरांना त्यांच्या कानाचा लाभ झाला, ही परंपरा विश्वसनीय वाटते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनातही खाँसाहेबांचा सहभाग होता. त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात असून तेथे दरवर्षी संगीतसभा भरते.

भोपळा : सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर–मंगळवेढा भागात, भीमेच्या काठी पिकणारा कडू भोपळा वापरतात. तो वेलावरच पूर्ण पक्व व्हावा लागतो. कोवळा काढलेला भोपळा वाळताना आक्रसतो आणि पुढे तार चढवल्यावर सांध्याशी दबतो. सालीची जाडी सर्व बाजूंनी सारखी हवी. बोटांनी ठोकून पाहिल्यावर एके ठिकाणी बद्द आवाज आला तर तेथे साल पातळ, कुजकी किंवा किडकी असते. पुरुषी (पुरुष गायकांसाठीच्या) तंबोऱ्यास चार फुटांहून अधिक घेराचा भोपळा लागतो. तसे फळ मोजकेच निघते आणि त्यामुळेच ते महाग पडते. भोपळा अनेक महिने वाळवून मग देठाकडचा व पुढचा भाग कापतात, आतील गर व बिया खरवडून काढतात. पाण्यात भिजवून मऊ झालेल्या कडेला आतून काठ्यांचा ताण देऊन हवा तो आकार आणतात व तसाच पुन्हा वाळवतात. ही दुसरी वाळवण घाईने उरकल्यास तबली (भोपळ्याच्या तोंडावरील फळी) चिकटवल्यानंतर कड आत ओढली जाते आणि सांधा उकलतो.

दांडी, गळा, तबली : यांसाठी तून वापरतात. ते हलके, सरळ रेषांचे आणि कोरण्यास सोपे असते. लाकूड मुरलेले हवे. दांडी आतून पोकळ कोरून वर पट्टी बसवतात. दांडी आणि भोपळा यांना जोडणारा गळा सरस व लाकडी खिळ्यांनी पक्का करतात. ताणाचा सारा भार येथे येतो. गळा किंचितही झुकला तर तारा दांडीपासून वर उचलल्या जातात, घोडीवरचा त्यांचा कोन बदलतो आणि कितीही घासले तरी जवारी स्थिर राहत नाही. जुने वाद्य विकत घेताना प्रथम गळा पाहावा.

तबली पातळ, मध्याशी किंचित फुगीर असते. ती जाड राहिल्यास आवाज कोंडतो. फार पातळ केल्यास आरंभी मोठा वाटणारा आवाज लवकर विरतो आणि काही वर्षांत घोडीखाली खड्डा पडतो. कडेस पातळ व घोडीखाली थोडी जाड ठेवण्याची रीत आहे.

नक्षी व रोगण : कडेच्या पट्ट्या पूर्वी हस्तिदंताच्या असत. आता सेल्युलॉइड किंवा प्लॅस्टिकच्या असतात. त्यांवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी कोरून रेषांत रंग भरतात. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात देतात. तबलीवर त्यांचा जाड थर चढवू नये.

तारा व पट्टी : पहिली तार पंचमाची (रागानुसार मध्यम किंवा निषाद), मधली जोडी षड्जाची व शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. जोड पोलादी, खर्ज पितळी किंवा काशाची असते. पट्टी म्हणजे गायकाचा आधारषड्ज; ती हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने सांगतात. पुरुषी तंबोरा काळी एकच्या आसपास आणि बायकी तंबोरा काळी चार–पाचच्या आसपास लावतात. बायकी वाद्याची तार आखूड असते. तीवर खालची पट्टी उतरवली तर तार सैल पडून जवारी फडफडते, म्हणून पट्टी ठरवूनच वाद्य घडवून घेणे योग्य.

जवारी : घोडीचा माथा सपाट दिसला तरी तो खुंट्यांच्या दिशेने अतिशय मंद उताराचा असतो. छेडलेली तार या उताराला ओझरती टेकत सुटते आणि टेकण्याची जागा क्षणोक्षणी सरकत राहते. त्यामुळे तारेची शक्ती वरच्या स्वयंभू स्वरांकडे, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या उपस्वरांकडे, वळते आणि गंधारासारखे स्वर स्पष्ट ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये वीणा व तंबोऱ्याविषयी दाखवून दिले, की तारेच्या ज्या बिंदूशी एखाद्या उपस्वराचा निस्पंद (न हलणारा बिंदू) पडतो तेथे छेडल्यास तो उपस्वर नाहीसा व्हावा, हा यंग–हेल्महोल्ट्झ नियम या वाद्यांना लागू पडत नाही. कारण त्यांनी वक्र घोडीतच शोधले.

कामाचा क्रम असा : प्रथम घोडीचे पाय तबलीवर पूर्ण टेकतात की नाही ते पाहतात. एक पाय किंचित अधांतरी असला तरी पुढील मेहनत फुकट जाते. मग तारा नेहमीच्या स्वराला चढवून वाजवतात, उतरवून बाजूला करतात व माथ्यावर उमटलेली चकाकी तपासतात. चकाकी तुटक असेल तर मध्ये उंचवटा आहे. तेथे बारीक कानशीचे दोन–तीन हात, नंतर गुळगुळीत कागद, पुन्हा तारा, पुन्हा कान. प्रत्येक तारेखालचा उतार वेगळा. खर्जाची तार जाड व मोठ्या झोक्याने हलणारी असल्याने तिला उतार अधिक द्यावा लागतो. एकाच मापाने सारा माथा घासणारा कारागीर जोड चांगली लावतो आणि खर्ज बिघडवतो.

यानंतर तारेखाली सुती किंवा रेशमी दोरा, म्हणजे जीव, सरकवतात. दोरा खुंट्यांकडे अधिक गेला तर तार माथ्यापासून सुटी होऊन नाद साधा, बंद होतो. मागे राहिला तर तार माथ्याला चिकटून खरखरते व नाद लगेच संपतो. या दोहोंमधली योग्य जागा केसाएवढी असते. दोरा जाड घेणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. तो तारेला इतका उचलतो की घासलेल्या उताराचा उपयोगच राहत नाही.

मिळणाऱ्या नादावरून खुली, गोल व बंद असे भेद करतात. खुल्या जवारीत उपस्वर ठळक व धारदार असतात, गोल जवारीत ते एकमेकांत मिसळलेले येतात. गायनासाठी गोल जवारीला पसंती दिसते आणि किराणा गायकीच्या स्वरलगावाला ती विशेष अनुकूल आहे.

वापराने तारांचे चर माथ्यात पडतात आणि ‘जवारी उतरते’. नियमित रियाज असलेल्या वाद्याची जवारी वर्षा–दोन वर्षांनी नव्याने काढून घ्यावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगून तबली हलते. तेव्हा कानस लावू नये. हवा कोरडी झाल्यावर बरीचशी तक्रार दोरा सरकवूनच मिटते, आणि एकदा घासलेला माथा मात्र परत भरता येत नाही.

घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर उंटाचे हाड, शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थ प्रचारात आले. कृत्रिम घोडी झिजते कमी, पण तिचा नाद काहीसा कोरडा येतो. लाकडी घोडीवर नाद मऊ येतो, तथापि तिच्यात चर लवकर पडतात. हाड या दोहोंत मध्यम असून आज त्यालाच अधिक मागणी आहे.