जनुकीय चाचणी: प्रश्न जुना, धास्ती दुसऱ्यांना कळण्याची

घराण्यातला आजार आपल्यात उतरला आहे का, हे आधीच तपासावे की नाही, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला 1983 मध्ये. त्या वर्षी हंटिंग्टन या मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला. 1993 मध्ये जनुकच सापडले. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि तो बरा करणारे औषध नाही. चाचणी येण्यापूर्वी बहुतेकजण ‘करून घेऊ’ म्हणत होते. आल्यावर पुढे सरसावले ते पाचांत एकाहूनही कमी. 1994 मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेले बीआरसीए-1 हे जनुक सापडले. तिथे गोष्ट वेगळी, कारण धोका कळल्यावर करण्यासारखे काहीतरी हाती असते.

स्वभावाचे म्हणाल, तर 1990 मध्ये दारूच्या व्यसनाचे जनुक मिळाल्याचा गाजावाजा झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या अभ्यासात तो दुवा सापडला नाही. (‘बापाचेच रक्त’ म्हणून पोराला हिणवायला आपल्याकडे चाचणी कधी लागलीच नाही.)

चाचणीचा निकाल दुसऱ्यांना कळला तर काय, या प्रश्नाची झळ गोव्याला मात्र आधी एचआयव्हीतून बसली. 1980 च्या दशकात इथल्या आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधितांना वेगळे ठेवण्याची तरतूद आणली गेली. 1989 मध्ये नेमाने रक्तदान करणाऱ्या एका बाधित तरुणाला पोलिसांनी उचलले आणि म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले. आईने न्यायालयात धाव घेतली. निकाल कायद्याच्या बाजूने लागला: व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष झाला तर समाजाचे हित वरचढ. तो निकाल भीतीने लिहून घेतला होता, असे आज वाचताना वाटते. तरीही लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा विचार 2019 पर्यंत पुन्हा डोके वर काढत राहिला. ज्या गावात सोयरीक जुळताना तीन पिढ्यांची चौकशी होते, तिथे जनुकांचा अहवाल कपाटात किती दिवस राहील?

एचआयव्हीबाबत 2017 च्या केंद्रीय कायद्याने संमती आणि गुप्तता बंधनकारक केली. जनुकीय माहितीसाठी तसा वेगळा कायदा देशात नाही. 2018 मध्ये दिल्लीतल्या न्यायालयाने आरोग्यविम्यातून आनुवंशिक आजार सरसकट वगळणे घटनाविरोधी ठरवले, पण त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने त्या निकालाच्या काही भागाला स्थगिती दिली.