वाळूतली न दिसणारी धूळ

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे काळ्या पाषाणावर वसलेले आहेत. अजिंक्यताऱ्याचा कडा असो किंवा दंडोबाचा डोंगर, त्या काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे, रासायनिक पृथक्करण केले तर वजनाने साधारण निम्मा भाग सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग) भरतो. तरीही सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाचा विचार करताना पहिले बोट या दगडाकडे दाखवणे बरोबर नाही. बेसाल्टमधली बहुतेक सिलिका कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी बांधली गेलेली असते. रोगाला कारण होते ती मोकळी, स्फटिकरूप सिलिका, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, आणि ती काळ्या दगडात फार थोडी असते. म्हणून खडी क्रशरची धूळ निरुपद्रवी आहे असे मात्र मुळीच नाही, कारण कोणतीही बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जात राहिली तर श्वासनलिकांना इजा करतेच.

या भागातला खरा धोका बाहेरून, ट्रकने येतो. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर इथे घडू लागले, तेव्हापासून ओतकाम या मुलुखाच्या अंगवळणी पडले आहे. कुपवाड, मिरज आणि सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींत पंपांचे, इंजिनांचे, वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. त्यांचे साचे आणि कोअर (भागातली पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायचे गाभे) ज्या वाळूचे करतात, त्या सिलिका वाळूत क्वार्ट्झचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असते. घाटाखाली सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. घरबांधणीतही हाच पाहुणा वेगळ्या वेषात येतो. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश क्वार्ट्झ असते, तर स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आता लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत ते नव्वद टक्क्यांच्या आसपास असू शकते. त्या लाद्या कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये रोग इतक्या झपाट्याने दिसू लागला, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्या उत्पादनावर, पुरवठ्यावर आणि वापरावर बंदी घातली.

साच्यासाठी आलेली वाळू आहे तशी फारशी घातक नसते, कारण तिचा दाणा मिलिमीटरच्या एक-दोन दशांश किंवा त्याहून मोठा असतो आणि एवढा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचूच शकत नाही. तिचे रूप बदलते ते कामात. वितळलेले लोखंड साच्यात पडले की त्याला लागून असलेली वाळू क्षणात तापते. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते, दाणा एकदम फुगतो आणि त्याला तडे जातात. पुढे नॉकआउटला साचा फोडताना, फेटलिंगला कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, चिकटलेली वाळू काढताना, ग्राइंडिंगला ती घासताना हेच तडकलेले दाणे फुटून त्यांचे पीठ होते. विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीचे जुने लायनिंग, म्हणजे आतले अस्तर, तोडण्याचे काम माझ्या मते याहूनही अधिक काळजीचे आहे. हे लायनिंग क्वार्ट्झयुक्त रॅमिंग मासचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या भुकटीचे, असते, आणि भट्टीच्या उष्णतेने त्यातल्या क्वार्ट्झचे काही अंशी ट्रिडिमाइट आणि क्रिस्टोबलाइट या सिलिकेच्याच दुसऱ्या घातक रूपांत परिवर्तन झालेले असते. हे काम अधूनमधून, थोडा वेळच चालते, त्यामुळे धुळीच्या हिशेबातून ते सहज निसटते.

धूळ खाली बसली, आता हवा स्वच्छ झाली, असे आपण डोळ्यांनी पाहून ठरवतो आणि तिथेच चूक होते. स्थिर हवेत क्वार्ट्झचा दहा मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला साधारण तीन मिनिटे लागतात, तर एक मायक्रॉनच्या कणाला चार-पाच तास. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणाच्या आकाराची कल्पना येईल. पहिल्या पाळीने उडवलेली धूळ अशा रीतीने दुसऱ्या पाळीच्या श्वासात जाते, आणि ती जाते तेव्हा शेडमध्ये काही दिसत नसते.

सुमारे चार मायक्रॉनपेक्षा लहान कण नाक आणि श्वासनलिका यांच्या पहाऱ्यातून निसटून वायुकोशांत उतरतात. तिथल्या भक्षक पेशी जंतूला गिळावे तसे त्यांना गिळतात, पण क्वार्ट्झ पचत नाही. त्याच्या पृष्ठभागामुळे पेशीच्या आतली पाचकरसाची पिशवी फुटते आणि पेशी मरते. कण पुन्हा मोकळा होतो आणि त्याला दुसरी पेशी गिळते. प्रत्येक मरणाबरोबर दाहाचे संदेश सुटतात, त्या जागी तंतुमय ऊती वाढतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या टणक गाठी तयार होतात. नुकत्याच फुटलेल्या कणाचा पृष्ठभाग जुन्या धुळीपेक्षा अधिक तिखट असतो, म्हणून तोडणे, घासणे, कापणे ही कामे विशेष धोक्याची ठरतात. रोग बहुधा दहा वर्षांहून अधिक काळाने दिसतो, परंतु धूळ फार असेल तर पाच वर्षांच्या आतही दिसू शकतो. झालेले व्रण कोणत्याही औषधाने मिटत नाहीत, आणि काम सोडल्यावरही रोग पुढे सरकू शकतो.

भक्षक पेशीच दुबळ्या झाल्यामुळे क्षयाच्या जंतूचे फावते. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. शिवाय दोन्ही रोगांची छाया एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसते, त्यामुळे एकाला दुसरा समजण्याची चूक होते. मिरजेला आरोग्याची पंढरी म्हणतात, आणि तिथे खोकला घेऊन येणाऱ्यांत कामगार कमी नसतात. त्यांना ‘काय काम करता?’ याबरोबरच ‘पूर्वी कुठे, किती वर्षे, कोणत्या खात्यात काम केले?’ हेही विचारले गेले, तर निदानाची दिशा बदलू शकते. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकेला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारकांत धरले आहे.

किती धूळ चालेल? अमेरिकेने २०१६ साली स्फटिकरूप सिलिकेच्या बारीक धुळीसाठी आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. अंगमेहनत करणारा माणूस पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे या मर्यादेत दिवसाला अर्धा मिलिग्रॅम सिलिका झाली. आपल्या साखरेचा एक दाणा याहून जड असतो.

म्हणूनच नाकावर रुमाल बांधणे म्हणजे बचाव नव्हे; रुमालाच्या विणीतून हे कण आरपार जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य प्रतीचा रेस्पिरेटर, म्हणजे धूळ गाळणारा मुखवटा, हवाच, पण दाढी असेल तर तो नीट बसत नाही, आणि भट्टीपाशी तो आठ तास घालून ठेवणे फार कठीण असते. धूळ अडवायची ती जिथे निर्माण होते तिथे. नॉकआउटच्या जाळीला आच्छादन आणि खालून किंवा बाजूने हवेची खेच, ग्राइंडरच्या चाकालगत शोषणाची नळी, जुने लायनिंग तोडण्याआधी आणि तोडताना शक्य तिथे पाण्याचा फवारा, लादी कापताना पात्यावर सतत पाणी. कास्टिंग साफ करायला वाळूच्या ब्लास्टिंगऐवजी (जोराच्या माऱ्याऐवजी) स्टील शॉट, म्हणजे पोलादाचे बारीक गोळे, वापरले तर त्या जागी नव्या सिलिकेचा प्रश्नच उरत नाही. शेडमधला मोठा पंखा मात्र धूळ काढत नाही, तो ती शेजाऱ्याकडे ढकलतो. झाडूने कोरडे झाडणे आणि सुटीच्या वेळी हवेच्या पाइपने कपडे झटकणे या दोन सवयी खाली बसलेली धूळ पुन्हा श्वासाच्या उंचीवर आणतात. ओल्या फडक्याने पुसणे किंवा योग्य गाळणीचा व्हॅक्यूम यांना फारसा खर्च येत नाही. कामाचे कपडे कारखान्यातच बदलले, तर ती धूळ घरच्या लेकरांपर्यंत जात नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला होता, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी ते सरकारी यंत्रणेला लेखी कळवायचे असते. कंत्राटदार बदलत राहणाऱ्या कामगारासाठी खरी अडचण पुराव्याची असते, कारण वीस वर्षांपूर्वी तो कोणत्या शेडमध्ये फेटलिंग करत होता याचा कागद त्याच्याकडे नसतो. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि कामावर लागतानाचा छातीचा एक्स-रे एवढे एका पिशवीत घालून घरी जपून ठेवले, तर पुढे नुकसानभरपाईच्या अर्जाला हेच कागद जोडता येतात.