घरगुती ऑर्किड : माध्यम आणि कीडनियंत्रण (नागपूर परिसर)

घरात, गच्चीवर किंवा अंगणात ऑर्किड वाढवताना कुंडीत काय भरायचे आणि किडीला कसे आवरायचे, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. माध्यम कुजले की मुळे जातात, मुळे गेली की झाड दमते आणि दमलेल्या झाडावर कीड लवकर पसरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, दुपारची हवा अगदी कोरडी असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल हटत नाही आणि हिवाळ्यातल्या काही रात्री तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. त्यामुळे केरळ किंवा ईशान्य भारतातल्या बागांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

घरी लावली जाणारी बहुतेक ऑर्किड (डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, व्हँडा, ऑन्सिडियम, कॅटलिया) मूळची झाडांच्या फांद्यांवर वाढणारी आहेत. ती बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. त्यांच्या मुळांवर व्हेलामेन नावाचा पांढुरका सच्छिद्र थर असतो. पाणी मिळताच तो ते शोषून घेतो आणि हिरवट दिसू लागतो, वाळला की पुन्हा चंदेरी होतो. या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून विदर्भाची काळी माती कितीही कसदार असली तरी ऑर्किडच्या कुंडीत चिमूटभरही घालू नये. ती भिजली की फुगते आणि मुळांची हवा कोंडते. पूर्व विदर्भाच्या जंगलात आंब्या-मोहाच्या खोडांवर वाढणारी व्हँडा (रास्ना) मातीच्या कणाशिवाय उन्हाळे काढते, हे लक्षात घ्यावे. अशी झाडे जंगलातून ओरबाडून आणू नयेत. ती घरी क्वचितच जगतात आणि जंगलातली मात्र कमी होतात.

माध्यम निवडताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवावा आणि उन्हाळ्याची सोय पाणी व सावलीने करावी. पटकन वाळणाऱ्या कुंडीला मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी देता येते, पण ऑगस्टच्या झडीत गच्च भिजलेली कुंडी वाळवण्याचा उपाय हाताशी नसतो. या हिशेबाने डेंड्रोबियमला २ ते ४ सेंटिमीटरचे लाकडी कोळशाचे आणि विटांचे तुकडे सर्वांत भरवशाचे. नारळाच्या सोडणाचे तुकडे थोडेच मिसळावेत आणि त्यातले क्षार निघावेत म्हणून आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावेत. वीट भाजलेल्या लाल मातीचीच हवी. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे या भागात राखेच्या विटा सहज मिळतात, पण त्यांत चुना किंवा सिमेंट असते आणि ऑर्किडच्या मुळांना किंचित आम्लधर्मी परिसर मानवतो.

फॅलेनॉप्सिसला पाणी साठवणारे कंद नसतात, म्हणून तिला पाइनची साल आणि सोबत थोडे स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) द्यावे. नुसते मॉस घट्ट दाबून भरलेली कुंडी इथल्या पावसाळ्यात बहुधा सडते. व्हँडाला माध्यमच नको. लाकडी टोपलीत किंवा आंब्याच्या खरबरीत खोडाला बांधली की पुरे. पाइनची साल साधारण दोन वर्षांत भुसभुशीत होते, तेव्हा ती बदलावी. कुंडी बदलायची ती नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागल्यावर, इथे बहुधा पहिल्या पावसानंतर. मे महिन्यात मुळांना हात लावू नये.

नर्सरीतून आणलेले रोप उपसून पाहिले की मुळांच्या मधोमध अनेकदा मॉसचा किंवा काथ्याचा घट्ट गोळा सापडतो. बाहेरचा कोळसा कोरडा असतानाही तो आत ओलाच राहतो. पाण्यात भिजवून हळूहळू सोडवला की आतल्या तपकिरी, पोकळ झालेल्या मुळांवरून रोप का खंगत होते ते कळते.

पाण्याचाही यात वाटा आहे. बोअरचे जड पाणी कोळशावर पांढरी पापुद्री सोडते. कूलरच्या टाकीतले पाणी तर वापरूच नये, कारण पाण्याची वाफ होऊन क्षार मागे साचत जातात. कूलरच्या गारव्याशेजारी कुंडी ठेवायला हरकत नाही, पण झोताच्या तोंडाशी नको. पावसाचे पाणी मिळेल तितके साठवावे, मात्र झाकून. उघड्या बादल्या आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासल्या नाहीत तर त्यांत डेंग्यूचे डास वाढतात.

उन्हाळ्यातला मुख्य त्रास लाल कोळ्याचा. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हे. पानाच्या खालच्या बाजूने ओला पांढरा कागद फिरवावा. त्यावर तांबूस रेघा उमटल्या तर कोळी आहे. त्याला कोरडी उष्ण हवा आवडते, म्हणून सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला उपाय. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्यावर चालत नाही, उलट ते मारल्यावर कोळी वाढल्याची उदाहरणे आहेत.

पिठ्या ढेकूण (पिठासारखा पांढरा, मऊ किडा) आणि खवले कीड अधिक चिवट. संत्रा बागायतदारांना परिचित असलेल्या कोळशीमागे जी घडामोड असते, तीच इथे दिसते. रसशोषक कीड गोड चिकटा सोडते आणि त्यावर काळी बुरशी चढते. पिठ्या पानाच्या बेचक्यात, जुन्या कंदाच्या वाळक्या सालीखाली आणि मुळांतही लपतो, म्हणून ती साल सोलून पाहावी. खवले पानाच्या मधल्या शिरेलगत तपकिरी ठिपक्यांसारखे चिकटलेले असतात आणि नखाने खरवडले की सुटतात. दोघांनाही स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावे. प्रौढ खवल्यावर मेणचट कवच असते आणि फवारा मुख्यतः नव्या फिरत्या पिल्लांवर लागू पडतो, म्हणून ७ ते १० दिवसांनी तीन-चार वेळा पुन्हा पुसणे-फवारणे भाग असते. एकदाच पुसून थांबल्यामुळेच बहुतेकांची कीड परत येते. निंबोळी तेल लिटरला ५ मिलि, थोड्या साबणासह, संध्याकाळी फवारावे. एप्रिल ते जून ते टाळलेले बरे, तेलकट पान उन्हात करपते.

मुंग्यांची रांग दिसली की आधी पिठ्या आणि मावा शोधावा, कारण चिकट्यासाठी त्या त्यांची राखण करतात. मात्र कळीच्या देठावर स्वच्छ गोड थेंब असेल आणि कीड दिसत नसेल तर तो झाडाचाच स्राव असतो, त्यावर काहीही फवारू नये. पावसाळ्यात मुंग्यांनी कुंडीत वारूळ केले तर कुंडी तासभर बादलीत बुडवून ठेवावी. याच दिवसांत बारीक गोगलगायी आणि झुरळे रात्री मुळांची कोवळी टोके खातात. माध्यमावर काकडीची चकती ठेवून पहाटे ती गोगलगायींसकट उचलावी.

फुलकिडे कळीतच शिरतात. फूल चट्टे पडून, वेडेवाकडे उमलले की ते ओळखू येतात, अशी फुले खुडून पिशवीत बांधून टाकावीत. नवे रोप इतरांपासून महिनाभर वेगळे ठेवावे आणि त्या काळात दर आठवड्याला त्याची पाने उलटून पाहावीत.