घरात विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र नांदत असतील तर नेटवर्क ड्राइव्ह कसा निवडायचा

आमच्या घरात तीन तऱ्हेचे कॉम्प्युटर आहेत, बाबांचा विंडोज लॅपटॉप, ताईचं मॅकबुक आणि माझा लिनक्सवाला डेस्कटॉप, शिवाय प्रत्येकाचा फोन वेगळाच. कित्येक वर्षं एकच एक्स्टर्नल हार्ड डिस्क या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती आणि दर वेळी कुठेतरी अडायचंच. आधी ती एनटीएफएसमधे फॉरमॅट केलेली होती, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने, तर मॅक तिच्यातलं वाचायचा पण तिच्यावर काही लिहू द्यायचा नाही. मग फॅट३२ केली, तर चार जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ तिच्यात जाईना, कारण फॅट३२ मधे फाइलचा आकार लिहायला ३२ बिटच ठेवलेत आणि त्यात त्याहून मोठा आकडा मावतच नाही. शेवटी एक्सफॅट केली, त्यावर तिघांनाही लिहिता यायला लागलं, पण एकदा कॉपी चालू असताना केबल निघाली आणि एक अख्खं फोल्डर गेलं. अर्धवट राहिलेलं काम कुठपर्यंत आलं होतं याची नोंद एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ ठेवते, एक्सफॅट तशी नोंद ठेवत नाही.

त्यानंतर आम्ही नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला ड्राइव्ह, घ्यायचं ठरवलं, आणि त्या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की नॅस म्हणजे मोठी डिस्क नाही, तो डिस्क पोटात घेतलेला एक छोटा कॉम्प्युटर आहे. लोक दुकानात किती टीबी ते बघतात, पण टीबी नंतरही वाढवता येतात, आतला कॉम्प्युटर आणि त्याचं सॉफ्टवेअर मात्र जे येईल त्याच्याबरोबर पुढची सात-आठ वर्षं काढायची असतात.

यूएसबी डिस्क लावली की आपला कॉम्प्युटर तिला सांगतो, अमुक नंबरचा ब्लॉक (डिस्कवरचा छोटा कप्पा) दे, तमुक नंबरचा दे, आणि त्या ब्लॉकमधे काय कुठे आहे याचा हिशोब कॉम्प्युटरला स्वतःलाच लावावा लागतो, म्हणून फॉरमॅट कळला नाही की गाडी अडली. नॅसकडे मात्र आपण ब्लॉक मागतच नाही, आपण म्हणतो "सहल फोल्डरमधला तिसरा फोटो दे" आणि तो ब्लॉक शोधायचं काम नॅस आपल्या पद्धतीने करतो. आत डिस्कचा फॉरमॅट ईएक्सटी४ आहे की बीटीआरएफएस की झेडएफएस, हे बाबांच्या विंडोजला कळायची गरजच नाही. तीन वेगळ्या कॉम्प्युटरांच्या घरात नॅस इतका सोयीचा पडतो तो यामुळेच.

आता "फाइल दे" हे मागायची भाषा सगळ्यांची एक असायला हवी. ती भाषा म्हणजे एसएमबी. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली आणि ती विंडोजची घरची भाषा झाली. कॅनबेरामधे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास वायरवरून जाणारी डेटाची पाकिटं बघून बघून तीच भाषा युनिक्सवर बोलणारा सर्व्हर लिहिला. त्याचं आधीचं नाव दुसऱ्या कुणाच्या ट्रेडमार्कमुळे सोडावं लागलं, म्हणून त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं या क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून सांबा हे नाव निघालं. आज घरगुती वापराच्या बहुतेक नॅसमधे लिनक्स आणि त्यावर हाच सांबा चालतो. ॲपलची आपली वेगळी भाषा होती, एएफपी, पण २०१३ च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून मॅकसुद्धा आधी एसएमबीच बोलतो, त्यामुळे आता फक्त एएफपीची जाहिरात करणारा जुना नॅस स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. लिनक्ससाठी एनएफएस आहे, सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ मधे आणलेली, वेग चांगला देते, पण घरात मॅक-विंडोज असताना एकच एसएमबी सगळ्यांना ठेवणं मला जास्त बरं वाटतं, एकाच फोल्डरला दोन दरवाजे केले की परवानग्यांचा घोळ होतो.

एसएमबीतही आवृत्ती बघायचीच. पहिल्या आवृत्तीतल्या खोटीचा फायदा घेऊन मे २०१७ मधे वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम (रॅन्समवेअर) जगभर पसरला, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती नव्या इन्स्टॉलमधे घालणं बंद केलं. तेव्हा फक्त पहिलीच आवृत्ती येणारे जुने नॅस नव्या विंडोजवर दिसेनासे झाले, डिस्क धडधाकट, वायर ठीक, आणि तरी "नेटवर्क पाथ सापडत नाही". म्हणून एसएमबी ३ हवीच. आणि पासवर्डशिवाय उघडं शेअर ठेवायची सवय असेल तर तीही आता सोडा, नव्या विंडोज ११ मधे तसं शेअर सहसा उघडतच नाही. घरातल्या प्रत्येकाला नॅसवर वेगळं नाव आणि पासवर्ड करून द्या, सुरुवातीला अर्धा तास जातो पण नंतर कुणाच्या हातून काय डिलीट झालं तेही कळतं.

मॅक असेल तर अजून एक प्रश्न विचाराच, टाइम मशीनचा बॅकअप एसएमबीवरून घेता येतो का. सिएरा या आवृत्तीपासून म्हणजे २०१६ पासून मॅकला ते येतं, नॅसच्या सॉफ्टवेअरनेही ते द्यायला हवं. आणि त्याला मर्यादा घालून ठेवा, कारण टाइम मशीन जेवढी जागा मिळेल तेवढी हळूहळू भरतच जातं, आमच्याकडे ताईच्या बॅकअपने बाबांच्या फोटोंना जागाच ठेवली नव्हती.

आता फाइलच्या नावांचं बघू, हे मराठी लोकांनी तर नीट समजून घ्यायलाच हवं. मी एकदा ताईच्या जुन्या मॅकवरून आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने फोटो नॅसवर आणले आणि बघतो तर "दुसऱ्या सहलीचे फोटो" या नावाची दोन फोल्डर एकाखाली एक. अक्षरन् अक्षर तेच, स्पेससुद्धा तीच. एकाच फोल्डरमधे एकाच नावाची दोन फोल्डर असूच शकत नाहीत, मग ही कशी? कारण आपला हा "ऱ" युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे ऱ साठीचा स्वतंत्र कोड, आणि दुसरा म्हणजे साधा र आणि त्याच्याखाली नुक्ता असे दोन कोड. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत असं दोन प्रकारे लिहिता येणारं अक्षर नाव साठवताना सुटं करून ठेवायची, विंडोज आणि लिनक्स जसं टाइप केलं तसंच ठेवतात. हे कोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे "दुसऱ्या" हा शब्द एका प्रकारे २१ बाइटांचा आणि दुसऱ्या प्रकारे २४ बाइटांचा होतो, आणि लिनक्स तर बाइटच बघतो, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. नव्या एपीएफएसमधे मॅक दोन्ही रूपं एकच मानतो आणि एसएमबीवरून कॉपी केलं तर बहुतेक वेळा हे सांभाळलं जातं, पण आरसिंकने किंवा जुन्या डिस्कवरून डेटा आणणार असाल तर नॅसवर गेल्यावर तऱ्हा, दुसऱ्या, कोपऱ्यातले असे शब्द असलेली फोल्डर एकदा डोळ्याखालून घाला. बाइटांमुळे अजून एक होतं, ईएक्सटी४ मधे नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे कार्यक्रमाचं पूर्ण नाव आणि तारीख घातलेलं लांबलचक नाव विंडोजवर चालतं आणि नॅसवर टाकताना एरर येतो. नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन घालायचं टाळा, लिनक्सला दोन्ही आणि मॅकला प्रश्नचिन्ह चालेल पण विंडोजला ती चिन्हं वर्ज्य आहेत.

जागेचा आकडाही दोघांकडे वेगळा दिसतो, त्याने घाबरू नका. ४ टीबीची डिस्क मॅकवर ४ च दिसते आणि विंडोजवर ३.६ च्या आसपास, कारण मॅक २००९ पासून हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. काही चोरीला गेलेलं नाही.

वेगाचं गणित मात्र घेण्याआधीच करा. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० ते २५० एमबी सहज देते. गिगाबिट वायर म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. म्हणजे घरात कोंडी होते ती वायरमधे, डिस्कमधे नाही, आणि अशा वेळी नॅसमधे महाग एसएसडी घालून मोठा व्हिडिओ एक सेकंदही लवकर येणार नाही. उलट राउटरचं पोर्ट जुनं १०० मेगाबिटचं असेल तर जेमतेम ११ एमबीच मिळणार, आणि मग १ टीबी न्यायला गिगाबिटवर जे अडीच तास लागतात त्याऐवजी २५ तास लागतात. म्हणून नॅसच्या आधी राउटरच्या मागचं पोर्ट आणि भिंतीतली वायर बघा. वायरवर कॅट५ई छापलेलं असेल तर गिगाबिट निवांत चालेल, २.५ गिगाबिटही त्याच वायरवर चालतं, फक्त दोन्ही टोकाला तसं पोर्ट हवं. नॅस स्वतः वायरनेच राउटरला जोडा, वायफायवर लॅपटॉप असू दे. आणि हजारो छोटे फोटो एका मोठ्या फाइलपेक्षा खूप हळू जातात, प्रत्येक फाइलसाठी उघड, लिही, बंद कर असे निरोप जाऊन येत असतात, तो नॅसचा दोष नाही.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर एवढं विचाराच. साध्या म्हणजे सीएमआर डिस्कवर लिहायच्या रेघा शेजारी शेजारी असतात. एसएमआरमधे जागा वाचवायला त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. वाचायला काही त्रास नाही, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी उचलून परत बसवावी लागतात, तसं मधली एक रेघ बदलायला पुढचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात हे लपून जातं, पण दोन डिस्कच्या जोडीतली एक बिघडून नवी घातली आणि सगळा डेटा तिच्यावर परत उतरवायला लागलं की डिस्क अडखळते. २०२० मधे वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रेड ड्राइव्ह एसएमआर निघाल्या आणि लोक भडकले, मग कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. नॅसची डिस्क २४ तास शेजारच्या डिस्कच्या थरथरीत फिरत असते, तेव्हा नॅससाठी बनवलेली सीएमआरच घ्या. नॅस कंपनीची चालणाऱ्या डिस्कची यादीही आधी वाचा, २०२५ मधे सायनॉलॉजी या नॅस कंपनीने काही नव्या मॉडेलांत दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कवर बंधनं घातली होती आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ती बरीचशी मागे घेतली.

घरासाठी दोन डिस्कचा नॅस मला योग्य वाटतो, दोन्हीवर आरशात दिसावं तसं तंतोतंत तेच, याला रेड १ (RAID 1) म्हणतात, वर आलेल्या रेड नावाच्या डिस्कशी याचा संबंध नाही. ही कल्पना बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात नीट मांडली, अनेक स्वस्त डिस्क मिळून एक भरवशाची. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, नवी घालायची आणि ४ टीबी परत उतरायला सात-आठ तास द्यायचे. पण हा बॅकअप नाही हो, हे कळकळीने सांगतो, कारण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, आणि बाबांच्या लॅपटॉपमधे रॅन्समवेअर शिरलं तर ते शेअरवरच्या फाइलीही कुलूपबंद करतं आणि आरसा ते इमानाने दुसरीकडे उतरवतो. त्यासाठी स्नॅपशॉट हवेत, म्हणजे फाइली त्या त्या वेळी जशा होत्या तशा धरून ठेवलेलं रूप. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असलेला नॅस जुना ब्लॉक खोडत नाही, बदललेलं नव्या जागी लिहितो, म्हणून कालच्या संध्याकाळचं फोल्डर जसंच्या तसं परत मिळतं आणि त्याला जागाही फक्त बदललेल्या भागापुरतीच लागते. प्रत्येक ब्लॉकची चेकसमही (त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ते ठेवतात, त्यामुळे एखादा फोटो डिस्कवर गुपचूप बिघडला तर तो वाचताना कळतं. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ही सोय असलेलंच मॉडेल बघा. आणि याउपर एक यूएसबी डिस्क महिन्यातून एकदा लावून तिच्यावर कॉपी घ्या आणि ती काढून दुसऱ्या घरी ठेवा.

नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. जानेवारी २०२२ मधे डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवर दिसणारे क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस कुलूपबंद केले, आणि त्याआधी जून २०२१ मधे वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह लोकांच्या घरात बसल्या जागी रिकामे झाले, त्यांचे अपडेट येणं कधीच बंद झालेलं होतं. बाहेरून फोटो बघायचेच असतील तर व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खाजगी वाटेने, आत या, बाहेरून आत यायची राउटरमधली वाट (तिलाही पोर्टच म्हणतात) आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद ठेवा, आणि कंपनी जुन्या मॉडेलांना किती वर्षं अपडेट देते ते तिच्या साइटवर बघूनच नॅस निवडा.

शेवटचा प्रश्न विक्रेत्याला हमखास विचारा, डिस्क चांगली आहे पण डबाच जळला तर काय. लिनक्सची नेहमीची एमडी रेड (डिस्कची जोडी सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस वापरणारा नॅस असेल तर डिस्क काढून कुठल्याही लिनक्स कॉम्प्युटरला लावून डेटा वाचता येतो, काही कंपन्यांनी त्याच्या पायऱ्याही लिहून ठेवल्यात. आमच्याकडे मी सगळा डेटा भरायच्या आधीच हे करून बघितलं, नॅस बंद केला, एक डिस्क काढून माझ्या डेस्कटॉपला लावली, फक्त वाचण्यापुरती माउंट केली, आणि "दुसऱ्या सहलीचे फोटो" उघडलं. मग डिस्क परत बसवली आणि ताईला म्हटलं, आता तुझे सगळे फोटो आण.